दहापट भिंगातून न दिसणाऱ्या गोष्टी

"दादा, अठरा कॅरेटची अंगठी म्हणतात, आणि हिरे बघ, अर्धा कॅरेटसुद्धा नाहीत. मग बाकीचे साडेसतरा कॅरेट गेले कुठे?"

लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानातून बाहेर पडल्यावर, रसवंतीच्या बाकावर बसून धाकट्या बहिणीने बिल उघडलं आणि मला हा प्रश्न विचारला. भाचीच्या साखरपुड्याची अंगठी होती. भाचीने कपाळावर हात मारला. "आई, ते दोन कॅरेट वेगळे असतात गं." त्यावर बहीण म्हणाली, "वेगळे असतात तर नाव एकच कशाला ठेवलं?" याचं उत्तर भाचीकडे नव्हतं आणि माझ्याकडेही पटकन आलं नाही.

बिल माझ्या हातात आलं. सगळं इंग्रजी आद्याक्षरांत. अठरा केटी, जीडब्ल्यू ३.८६०, एनडब्ल्यू ३.७७०, डीआयए ०.४५ सीटी, ईएफ व्हीव्हीएस. खाली मजुरी, त्याखाली जीएसटी, मग एकूण आकडा. माझी बहीण तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली आहे. तिला आकडे समजत होते, अक्षरं समजत नव्हती. दुकानाबाहेरची पाटी मात्र ठसठशीत मराठीत.

आधी तिचा प्रश्न मिटवतो. सोन्याचा कॅरेट म्हणजे प्रमाण. चोवीस भागांतले अठरा भाग सोनं, म्हणून दागिन्यावर ७५० चा शिक्का. हिऱ्याचा कॅरेट म्हणजे वजन, २०० मिलिग्रॅम. हा मेट्रिक कॅरेट १९०७ साली ठरला. त्याआधी गावोगावच्या बाजारपेठांचा कॅरेट थोडाथोडा वेगळा असे. कॅरेटचे शंभर सेंट. म्हणजे ०.४५ कॅरेट हे ४५ सेंट, वजनात ९० मिलिग्रॅम, आणि बिलावरच्या ढोबळ आणि निव्वळ वजनातला फरक बरोबर तेवढाच. दोन्ही शब्दांचं मूळ एकच, कॅरब नावाच्या झाडाचं बी. आपल्याकडे त्या जागी गुंज होती. तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा, अशा तोळ्याला ९६ गुंजा. एका गुंजेचे साधारण १२१ मिलिग्रॅम. रत्नवाल्यांची पक्की रती त्याहून जड असते. ज्योतिषी जेव्हा "सव्वापाच रतीचा पुष्कराज घाला" असं सांगतो, तेव्हा कुठली रती हे विचारणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

हे सगळं मला का ठाऊक, तर मी एका सहकारी बँकेत होतो आणि त्यातली अकरा वर्षं सोनेतारणाच्या खिडकीवर काढली. बँकेचे व्हॅल्युअर एक वयस्क सोनार होते. दागिना कसोटीवर घासायचे, तेजाबाचा थेंब सोडायचे, रेघ किती टिकते ते बघायचे आणि फॉर्मवर लिहायचे: "खडे वजा." एकदा एक बाई हिऱ्याचं कडं घेऊन आल्या. नवऱ्याचं ऑपरेशन होतं. सोनार म्हणाले, "ताई, सोन्यावर मिळेल, खड्यांवर काही धरता येत नाही." बाई म्हणाल्या, "खडे नव्हेत हो, हिरे आहेत. सर्टिफिकेट आहे त्याचं." आणि पर्समधून लॅमिनेट केलेलं कार्ड काढलं. सोनारांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, नीट वाचलं आणि तितक्याच आदराने परत दिलं. बाईंनी कडं घेतलं तेव्हा दिलेल्या पैशांचा मोठा भाग त्या खड्यांचा होता. बँकेच्या हिशोबात तो शून्य.

बँकेची यात चूक नव्हती. सोनं वितळवता येतं आणि त्याचा भाव रोज सकाळी पेपरात छापून येतो. हिरा वितळत नाही आणि त्याचा भाव पेपरात येत नाही. प्रत्येक खड्याची किंमत वेगळी. घाऊक व्यापारी १९७८ पासून रॅपापोर्ट नावाच्या यादीचा आधार घेतात. ती डॉलरमध्ये असते, ती पैलू पाडलेल्या सुट्या हिऱ्यांची असते, आणि तिच्यावर किती टक्के खाली सौदा होतो हे ज्याचं त्याला माहीत. कड्यातल्या दोन-दोन सेंटच्या खड्यांना ती काय उपयोगाची?

मग त्या कार्डावर होतं काय? रंग ईएफ, स्वच्छता व्हीव्हीएस. माझी तक्रार इथून सुरू होते. हिऱ्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला जे शब्द शिकवले जातात, त्यांचा त्याला अडचणीच्या दिवशी काही उपयोग होत नाही. बारीक प्रश्नांना अकरा-अकरा पायऱ्यांची उत्तरं मिळतात आणि ढोबळ प्रश्न कुणी विचारतच नाही. हिरा खाणीतला की कारखान्यातला? त्यावर काही प्रक्रिया केली आहे का? तपासला कुणी, आणि पैसे कुणी दिले? उद्या परत आणला तर किती द्याल? हे चार प्रश्न दहापट भिंगातून दिसत नाहीत. ते बिलावर लिहून द्यावेत, मराठीत, आणि तसं कायद्याने बंधन असावं, असं मला वाटतं.

प्रतवारीच्या या भाषेबद्दल मला राग नाही, उलट तिच्या जन्माची गोष्ट मला आवडते. अमेरिकेतली जीआयए ही संस्था १९३१ साली सुरू झाली. त्या काळी तिथला प्रत्येक जवाहिऱ्या आपापल्या मनाने ए, डबल ए, ट्रिपल ए, 'ब्लू व्हाइट' असं काहीही म्हणत असे. सगळ्यांचाच माल अव्वल! १९५३ मध्ये या संस्थेचे रिचर्ड लिडिकोट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रंगाची नवी पट्टी आखली तेव्हा ती मुद्दाम डी या अक्षरापासून सुरू केली. ए, बी, सी बाजाराने आधीच नासवून ठेवले होते. डी म्हणजे रंगहीन, आणि तिथून झेडपर्यंत पिवळसर झाक वाढत जाते. स्वच्छतेच्या अकरा पायऱ्या, आणि त्या दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातूनच ठरवायच्या. बाजाराच्या बडबडीला शिस्त लावण्यासाठी हे केलं होतं. आता त्याच शिस्तीची बडबड झाली आहे, एवढंच.

आता व्हीव्हीएस म्हणजे काय ते बघा. हिऱ्याच्या पोटात असा सूक्ष्म डाग, की दहापट भिंगातून शिकलेल्या तपासनिसालाही तो मुश्किलीने सापडावा. त्याखालच्या व्हीएसमधलेही दोष नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्याखालच्या एसआयमध्येही पुष्कळदा दिसत नाहीत. दुकानातल्या मुलीने माझ्या हातात भिंग देऊन मोठ्या उत्साहाने सांगितलं, "सर, स्वतः चेक करा ना." मी चेक केलं. मला माझ्या पापण्यांचे केस दिसले. रंगाचंही तसंच. तो खडा उलटा ठेवून, ठरावीक प्रकाशात, नमुन्याच्या खड्यांशेजारी ठेवून पारखायचा असतो. एकदा पिवळ्या सोन्यात जडवला की ई आणि एचमधला फरक घरच्यांना तर सोडाच, विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही. ज्यांना हौस आहे त्यांनी जरूर घ्यावा डी रंगाचा. पण पिवळ्या सोन्यात डी घेणं म्हणजे अंगठीपेक्षा कार्डासाठीच जास्त पैसे मोजणं, असं मी भाचीला सांगितलं. तिने ऐकलं नाही, ते वेगळं.

ज्या गोष्टीवर हिऱ्याचं तेज खरोखर अवलंबून असतं ती म्हणजे काट. "कट कसा आहे?" असं मी विचारलं तर उत्तर आलं, "राउंड, सर." राउंड हा आकार झाला. काट म्हणजे पैलूंचे कोन आणि प्रमाण: वरून आलेला प्रकाश तळाशी आपटून परत वर येतो की बुडातून निसटून जातो. हिरे घडवणाऱ्या घराण्यातल्या मार्सेल टोल्कोव्स्कीने १९१९ मध्ये याचं गणित मांडलं. तरी जीआयएने गोल हिऱ्यांना काटाची प्रत द्यायला २००६ साल उजाडलं. नीट काटलेला एक कॅरेटचा गोल हिरा वरून साधारण साडेसहा मिलिमीटर दिसतो. बुडात जाड ठेवलेला तेवढ्याच वजनाचा हिरा त्याहून लहान दिसतो. वजन पोटात लपलेलं, आणि पैसे मात्र वजनाचे.

सुरतेच्या घंटीवर, म्हणजे पैलू पाडायच्या चाकावर, बसलेला रत्नकलाकार असं का करतो? अडाणी म्हणून नव्हे. जगातल्या दहांतल्या नऊ हिऱ्यांवर पैलू पाडणाऱ्या देशातला तो कारागीर आहे. ९९ सेंटचा हिरा आणि १०० सेंटचा हिरा यांच्या भावात एका सेंटहून खूप मोठी उडी असते, म्हणून कच्च्या खड्यातून शेवटचा सेंट वाचवायचा असतो. ही उडी काही आजची नाही. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत हिऱ्याचं वजन तांदळाच्या दाण्यांत सांगितलं आहे. आठ पांढऱ्या मोहऱ्यांचा एक तांदूळ, आणि वीस तांदूळ भरणाऱ्या हिऱ्याची किंमत दोन लाख. वजन उतरतं त्याहून किंमत झपाट्याने उतरते, हेही तिथे मांडलं आहे.

आणि दोषांना नावं? आपल्या रत्नपरीक्षेच्या परंपरेत ती होती: बिंदू, रेखा, यव, मल, काकपद. काकपद म्हणजे हिऱ्याच्या आत कावळ्याच्या पायासारखी फाकलेली भेग. वाचल्याबरोबर डोळ्यांसमोर उभी राहते. इंग्रजीतही पीस, ढग, सुई असेच घरगुती शब्द आहेत, कारण तेही पाहणाऱ्याच्या तोंडून आलेले आहेत. सगळ्या जगाला हिरा पुरवणाऱ्या देशातला माणूस आज काउंटरसमोर मुका उभा राहतो तो आपल्या भाषेत शब्द नाहीत म्हणून नव्हे. बिल कुणी त्याच्यासाठी लिहिलेलंच नाही.

भाचीच्या अंगठीकडे परत येतो. ते ४५ सेंट एका हिऱ्याचे नव्हतेच. फुलाच्या आकारात जडवलेले एकोणीस बारीक खडे होते. धंद्यात याला मेली म्हणतात. एवढ्या बारक्या खड्यांची एकेक करून प्रतवारी करणं कुणाला परवडत नाही, म्हणून सगळ्यांना मिळून एक पट्टा: ईएफ व्हीव्हीएस. सोबतच्या कार्डावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की तपासणी जडवलेल्या स्थितीत, शक्य होती तेवढी केली. म्हणजे अंदाज. प्रामाणिक असेल, पण अंदाजच. काउंटरवर त्याच कार्डाचं 'सर्टिफाइड' होतं. जीआयए स्वतःच्या कागदाला सर्टिफिकेट म्हणतच नाही, अहवाल म्हणते, आणि ही हमी नव्हे की मूल्यांकन नव्हे असं त्यावर छापते. त्या कडंवाल्या बाईंनी पर्समध्ये जपून ठेवलं होतं ते असलंच काहीतरी.

अहवाल हे शेवटी माणसाचं मत असतं आणि त्या मताची फी बहुतेक वेळा विकणारा देतो. सगळ्या प्रयोगशाळा त्यामुळे खोट्या ठरत नाहीत, पण कुणाचा हात सैल आहे हे धंद्यातल्या लोकांना नेमकं माहीत असतं. २०१४ मध्ये रॅपापोर्टने, म्हणजे ती भावांची यादी काढणाऱ्या कंपनीने, आपल्या व्यापारी जाळ्यावरून ईजीएल या नावाच्या प्रयोगशाळांचे अहवाल काढून टाकले, कारण त्यांची प्रतवारी फार उदार होती. व्यापाऱ्यांनी व्यापाऱ्यांसाठी घेतलेली ती काळजी. तोवर ज्यांनी तेच कागद बघून अंगठ्या घेतल्या होत्या, त्या गिऱ्हाइकांना कुणी पत्र पाठवलं असेल का?

आता खरा गुंता, प्रयोगशाळेत बनवलेल्या हिऱ्यांचा.

मराठी माणसाला हिऱ्याची एक परीक्षा तुकोबांच्या अभंगामुळे पाठ आहे: ऐरणीवर ठेवायचा आणि घण मारायचा. खरा टिकतो, आणि 'करणीचा होय चुरा'. करणीचा, म्हणजे माणसाने केलेला. काय नेमका शब्द आहे! आज तो वापरायची सोय नाही, लोकांना लिंबू-मिरची आठवेल. परीक्षा म्हणून मात्र हे घरी करू नका. हिरा कठीण आहे, पण ठिसूळही आहे. ठरावीक दिशेने फटका बसला की खाणीतला अस्सल हिराही फुटतो. आणि दुसरी अडचण अशी की आजचा करणीचा हिरा घणाखाली अगदी खऱ्यासारखाच वागतो, कारण तो खराच आहे. तोच कार्बन, तीच रचना, तोच कठीणपणा. जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत डिसेंबर १९५४ मध्ये प्रचंड दाब आणि उष्णता देऊन पहिल्यांदा तो खात्रीने बनला. पुढे वायूतून थरावर थर चढवण्याची सीव्हीडी पद्धत आली आणि आज सुरतेत तिचे कारखाने आहेत. २०२३ मध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या तेव्हाच्या अध्यक्षांच्या पत्नीला भेट दिलेला साडेसात कॅरेटचा हिरा असाच बनवलेला होता. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात या संशोधनासाठी आयआयटीला पाच वर्षांचं अनुदान जाहीर झालं.

म्हणून या हिऱ्याला खोटा म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी नाही. खोटा म्हणजे ज्याला आपण 'अमेरिकन डायमंड' म्हणतो तो. क्यूबिक झिरकोनिया. तो हिरा नाही आणि अमेरिकन तर त्याहून नाही. बाजारात विकण्याजोगा तो पहिल्यांदा बनला सोव्हिएत रशियात, १९७० च्या दशकात. हिऱ्यापेक्षा दीडपटीहून जड असतो. मॉइसनाइटही हिरा नाही, ते सिलिकॉन कार्बाइड. पण त्याच्यातून उष्णता हिऱ्यासारखीच झरकन जाते, त्यामुळे दुकानातलं साधं पेनासारखं यंत्र फसतं. 'मॉइसनाइट डायमंड' असं जेव्हा कुणी विकतो तेव्हा दुसरा शब्द सरळसरळ लबाडी असते.

प्रयोगशाळेतल्या हिऱ्याबाबत लबाडी शब्दात नसते, शब्द गाळण्यात असते. भारतीय मानक ब्युरोच्या २००७ च्या मानकाप्रमाणे, आयएस १५७६६ प्रमाणे, नुसतं 'हिरा' म्हटलं तर तो नैसर्गिकच असला पाहिजे. दुसऱ्याला विशेषण लावलंच पाहिजे. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१८ मध्ये आपल्या व्याख्येतून 'नैसर्गिक' हा शब्द काढून टाकला. दोन देशांनी एकाच वस्तूची व्याख्या दोन टोकांनी केली. आपल्याकडचं मानक मला अधिक शहाणपणाचं वाटतं, पण ते कपाटात आहे. काउंटरवर 'लॅब-ग्रोन डायमंड'ची 'एलजीडी' अशी तीन अक्षरं ऐकू येतात आणि माझ्या बहिणीसारख्या बाईला ती एलईडीच्या जवळची वाटतात.

यात पैशांचा प्रश्न लहान नाही. खाणीतल्या हिऱ्यांच्या धंद्यातल्या डी बिअर्स या बड्या कंपनीने २०१८ मध्ये लाइटबॉक्स नावाने प्रयोगशाळेतले हिरे कॅरेटला सरसकट ८०० डॉलरला विकायला काढले तेव्हा ते मातीमोल वाटले होते. पुढे बाजार त्याच्याही खाली घसरला आणि २०२५ मध्ये कंपनीने तो ब्रँड बंद करायचं जाहीर केलं. त्याच वर्षी जीआयएने या हिऱ्यांना डी ते झेड आणि अकरा पायऱ्या लावणं थांबवलं. आता 'प्रीमियम' किंवा 'स्टँडर्ड', एवढंच. कारण सरळ आहे. यंत्रातून निघणारा माल जवळपास सगळा वरच्या दोन-तीन श्रेणींतच येतो, मग बारीक पायऱ्यांनी वेगळं काय सांगणार? तपासणाऱ्या दुसऱ्या काही प्रयोगशाळांनी जुनीच अक्षरं चालू ठेवली. त्यामुळे ई व्हीव्हीएस ही अक्षरं एका खड्यावर दुर्मीळपणा सांगतात आणि शेजारच्या खड्यावर काहीच सांगत नाहीत. दोन्ही एकाच काचेखाली.

खाणीवाल्यांची बाजू मी घेत नाही. 'हिरा कायमचा' हे वाक्य डी बिअर्सच्या जाहिरातीसाठी १९४७ मध्ये लिहिलं गेलं. आपल्याकडच्या आज्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं. त्या सोनं घ्यायच्या, कारण सोनं मोडता येतं हे त्यांना ठाऊक होतं. 'मोड' हा शब्द मराठी बायकांच्या अर्थशास्त्रातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द आहे, आणि हिऱ्याच्या दुकानात तो उच्चारला की समोरच्याचा चेहरा किंचित बदलतो. तुम्ही करून बघा.

रंगीत रत्नांबद्दल थोडक्यातच लिहितो, नाहीतर वेगळा लेख होईल. पुष्कराज म्हणून घरोघरी घालतात तो पिवळा नीलम, म्हणजे माणकाचाच सख्खा भाऊ, दोन्ही कुरुंद जातीचे. शाळेच्या शब्दकोशात टोपाझलाही पुष्कराजच म्हटलेलं. टोपाझ वेगळं खनिज आहे आणि बरंच स्वस्त आहे. पाचूच्या भेगा तेलाने बुजवतात, माणकाच्या फटी शिशाच्या काचेने भरतात. पहिली प्रथा जुनी आणि सर्वमान्य, दुसरीत तुम्ही माणकाच्या भावाने काच घेता. ट्रिपल ए ही प्रत इथे अजून सुखाने नांदते आहे. आणि ज्योतिषाने सांगितलेल्या खड्याची घासाघीस करायची नसते, असाही एक समज कुणीतरी सोयीने पसरवून ठेवला आहे.

तर मागणी. महाराष्ट्रात दुकानांच्या पाट्या मराठीत लावायचा कायदा २०२२ मध्ये कडक झाला. दुकानदार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०२३ मध्ये न्यायालयाने दोन महिन्यांत पाट्या लावा असं सांगितलं. पाटी वाचून मी दुकानात शिरतो. पैसे देतो ते बिल वाचून. भाषेचा आग्रह उंबऱ्यावरच का थांबावा?

कुणी म्हणेल, हे शब्द आंतरराष्ट्रीय आहेत, भाषांतर केलं तर गोंधळ वाढेल. खरं आहे. व्हीव्हीएसला 'अत्यत्यल्प अंतर्वेशयुक्त' असं काहीतरी करून परिभाषा कोशात टाकणारी समिती माझ्या डोळ्यांसमोर येते आणि मी घाबरतो. अक्षरं आहेत तशी राहू द्या. मला हवे आहेत ते शब्द साधे आहेत: खाणीतला, प्रयोगशाळेत बनवलेला, फट काचेने भरलेला, रंग सुधारलेला, सुटा असताना तपासला, जडवल्यावर तपासला. यांना समिती लागत नाही.

मोडीच्या किमतीवर सर्वांत जास्त खळखळ होईल. "बाजार वरखाली होतो, आम्ही आज कसं लिहून देणार?" पुढच्या वर्षीचं कुणी विचारत नाही. आज बिल केलं तोच दागिना उद्या सकाळी परत आणला, तर हिऱ्यांचे किती रुपये द्याल, तेवढं लिहा. टक्के नकोत, रुपये. "हिऱ्यावर ऐंशी टक्के" हे मी ऐकलेलं आहे. कशाचे ऐंशी, बिलाचे की त्या दिवशीच्या दुकानातल्या भावाचे, आणि बदली दागिना घेतला तर की रोख, हे विचारलं की मॅनेजरना बोलावतात. प्रयोगशाळेतल्या हिऱ्यावर काहीच देत नसाल तर 'शून्य' लिहा. त्यात लाज कसली? फ्रिजही कुणी परत घेत नाही आणि तरी लोक फ्रिज घेतात. शून्य वाचून, दिसायला छान आहे म्हणून जी मुलगी तो हिरा घेईल, तिला कुणी फसवलेलं नसेल.

राहिला लहान सराफांवरच्या बोज्याचा मुद्दा. हा मी गांभीर्याने घेतो, कारण आमचे व्हॅल्युअर तसेच लहान दुकानदार होते. पण सोन्याच्या हॉलमार्कची सक्ती १६ जून २०२१ पासून लागू झाली तेव्हाही हेच म्हटलं गेलं. प्रत्येक दागिन्याच्या सहा अक्षरी ओळख क्रमांकाविरुद्ध, एचयूआयडीविरुद्ध, २३ ऑगस्टला लाक्षणिक बंदही झाला. आज तीच दुकानं तोच शिक्का जाहिरातीत मिरवतात आणि गिऱ्हाईक मोबाइलवर मानक ब्युरोचं बीआयएस केअर ॲप उघडून क्रमांक तपासतं. भाचीच्या अंगठीवरही तो क्रमांक आहे. मी तपासला, बरोबर निघाला. तो क्रमांक ३.७७० ग्रॅम सोन्याबद्दल सगळं सांगतो. आम्ही दिलेल्या रकमेतला निम्म्याहून जास्त भाग मात्र उरलेल्या ९० मिलिग्रॅमचा आहे, आणि त्याच्याबद्दल सरकारकडे सांगण्यासारखं काही नाही.

रसवंतीतून उठून आम्ही परत दुकानात गेलो. बहिणीनेच आग्रह धरला. मॅनेजर भला माणूस होता, त्याने पुन्हा चहा मागवला. बहिणीने बिल उलटं करून त्याच्यापुढे ठेवलं, पर्समधून पेन काढलं आणि शाळेत वापरायची त्या आवाजात म्हणाली, "मराठीत लिहा. एक, हिरे खाणीतले की बनवलेले."

त्याने लगेच लिहिलं: खाणीतले, नैसर्गिक. खाली सही केली, शिक्काही मारला.

"दोन, काही प्रक्रिया?" नाही, असं लिहिलं.

"तीन, तपासले कधी?" त्याने जरा थांबून लिहिलं: जडवल्यानंतर, दुकानाच्या खर्चाने.

"चार. उद्या सकाळी आणले तर हिऱ्यांचे किती रुपये?"

त्याने पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाला, "मॅडम, एक मिनिट हं, शेठना विचारून येतो." आमचा चहा संपला, तरी तो काही आतून बाहेर आला नाही.